पुसलेलं लोण

आमचे मास्तर बैलालाही अहो म्हणत. रस्त्यात बैल आडवा उभा असला की बंद छत्री काखेत धरून ते त्याला म्हणायचे, "जरा सरकता का?" आणि बैल सरकेपर्यंत शांतपणे उभे राहायचे. त्या वर्षांत अमरावतीला बैलांना तोटा नव्हता. कापसाच्या गाड्यांची रांग पार वेशीबाहेर जायची. त्यामुळे मास्तर शाळेत रोज उशिरा पोचायचे, आणि उशीर झाल्याबद्दल वर्गाची माफी मागूनच शिकवायला लागायचे.

अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली आहे आणि तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या लढाईनं आमच्या वऱ्हाडाचं रूप पालटलं. ज्यांच्या घरी पितळी तांब्या नव्हता त्यांच्याकडे चांदीचे पेले आले. कापसाचं पीस हवेत उडत असायचं. विहिरीवर तरंगायचं, पगडीला चिकटायचं, वरणात पडायचं. माझे वडील याज्ञिक होते. संकल्प सोडताना पळीतल्या पाण्यात पीस आलं की ते बोटानं बाजूला सारत आणि मंत्र पुढे चालू ठेवत.

कॉलेज ही तेव्हा मुंबई-पुण्याची गोष्ट. आमच्यासाठी इंग्रजी शाळेचा वरचा वर्ग हेच कॉलेज. वर्गात मिशा फुटलेले, लग्न झालेले गडी होते. एकाला तर मूल होतं, आणि ते आजारी पडलं की त्याला सुट्टी मिळायची. मास्तर या सगळ्यांनाच काय, पहिल्या इयत्तेतल्या शेंबड्या पोरालाही 'तुम्ही' म्हणत. ते कोकणातले, उंच, किडकिडीत, एकटे. ज्वारीची भाकरी आणि ठेचा त्यांना सोसत नसे. डोळ्यांतून पाणी गळत असायचं तरी ते खात राहायचे, आणि कुणी थांबा म्हटलं तर म्हणायचे, "या मुलखाचा पगार खातो, मग तिखट कोण खाणार?"

एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर ते सरळ सांगत, "मला ठाऊक नाही, विचारून सांगतो." आणि खरोखर सांगत. एकदा कुणीतरी विचारलं होतं, समुद्राचं पाणी खारट तर मासा खारट का नाही. पोरं तो प्रश्न विसरूनही गेली. कितीतरी दिवसांनी व्याकरण शिकवता शिकवता मास्तर मध्येच थांबले आणि म्हणाले, "त्या माशाबद्दल मी चौघांना विचारलं. कुणालाच ठाऊक नाही. तुमचा प्रश्न चांगला होता." प्रश्न विचारणारा तोवर शाळा सोडून कापसाच्या बाजारात कारकून झाला होता. मास्तर संध्याकाळी बाजारात गेले आणि गाठींच्या ढिगामागून त्याला शोधून काढून हेच त्याला सांगून आले.

पण मास्तर म्हटलं की वऱ्हाडात त्या पिढीच्या लोकांना आठवतात त्या आट्यापाट्या. हा खेळ आता तालमींतून खेळतात, पण शाळेचा संघ म्हणून तो खेळायचा आणि गावोगाव जाऊन सामने करायचे हे खूळ आमच्या मास्तरांचं. मैदानात नऊ आडव्या पाट्या आखायच्या. प्रत्येक पाटीवर एक गडी उभा. मधून एक उभी पाटी, पहिल्या पाटीवरचा गडी तिच्यावरही धावायचा, तो सूर. दुसऱ्या संघानं या सगळ्यांना हुलकावण्या देत, अंगाला हात लागू न देता नऊ पाट्या ओलांडायच्या आणि तशाच परत यायच्या. परत आला त्यानं ओरडायचं, "लोण!" हात लागला की तो गडी मेला, बाहेर बसला. ज्यांची लोणं जास्त ते जिंकले.

मास्तर छत्रीच्या टोकानं पाट्या आखायचे. रेघ इतकी सरळ की तिच्याकडे पाहून आम्हाला हसू यायचं. खेळ चालू असताना ते मैदानाच्या कडेनं लांब ढांगा टाकत फिरायचे आणि एकच वाक्य म्हणायचे: "पाटी सोडू नका." वर्गात पाटीवरचं गणित अर्धं टाकून कुणी उठला तरी हेच वाक्य. त्यांना पळताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं. तरुणपणी ते मोठे खेळाडू होते आणि गुडघा मोडल्यामुळे खेळ सुटला, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

दिवाळी झाली, कापूस वेचणीला आला, आणि आमचा संघ फुटायला लागला. आकडे मांडता येणाऱ्या पोराला दलाल दारातून उचलून न्यायचे. आज सूर गेला, चार दिवसांनी दुसऱ्या पाटीवरचा गेला. शाळेच्या अंगणातही कुणाच्या तरी ओळखीनं गाठी येऊन पडल्या आणि आमचं मैदान गेलं. मास्तर छत्री घेऊन जागा शोधत हिंडले आणि नाल्यापलीकडे एक पडीक तुकडा त्यांनी मिळवला. जागा मिळाली, पण गडी आठच राहिले.

नववा ओसरीवर होता.

लहानू, महाराचा पोर. त्याचा बाप सडकेच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली होता आणि तिथल्या गोऱ्या साहेबाच्या शब्दानं पोराला शाळेत घातलं होतं. शाळेत घेतलं, पण वर्गात नाही. तो ओसरीवर दाराशी बसायचा, आणि मास्तर शिकवताना दारात उभे राहायचे, म्हणजे आवाज दोन्हीकडे जायचा. वर्षभर ते तसेच उभ्यानं शिकवत होते हे आमच्या लक्षातही आलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, त्यांना वारा आवडतो.

लहानू पळायचा कसा हे आम्ही पाहिलं होतं. शाळा सुटली की तो नाल्याच्या काठानं घरी पळत जायचा आणि वाटेतल्या गाड्यांच्या रांगेतून असा निसटायचा की बैलाच्या शेपटीलाही कळू नये. मास्तरांनी त्याला विचारलं, "आमच्यात खेळाल का?" तो म्हणाला, "मी खेळन. पण हे पोट्टे खेळतीन का?"

खेळच शिवण्याचा. त्यामुळे आम्हाला काही सुचेना. दोघे त्याच दिवशी घरी गेले ते परत आले नाहीत. मास्तरांनी खालच्या वर्गातून दोघांना आणलं. माझ्या घरी आईनं डोक्याला हात लावला. वडिलांनी मागल्या दारी विहिरीजवळ एक कोरडं धोतर ठेवायला सुरुवात केली. खेळून आलो की कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घ्यायचं, मगच घरात यायचं. थंडीचे दिवस, वऱ्हाडातली थंडी. मी मास्तरांकडे कुरकुर केली. ते म्हणाले, "खेळून घाम येतो. आंघोळ करायलाच हवी. मीही करतो." मग म्हणाले, "लहानूही करतात."

पहिला सामना वलगावला. तिथले गडी शेतकऱ्यांचे, दांडगे. त्यांचा म्होरक्या पुंजाजी नावाचा होता, छातीनं दाराएवढा. लहानूला पाहून त्यांची कुजबूज झाली आणि पुंजाजी मास्तरांकडे आला. म्हणाला, "मास्तर, आमी खेळतो. पण याले हातानं शिवणार नाई. पऱ्हाटीनं शिवू." बाजूलाच वेचून झालेल्या शेतात कापसाची वाळकी झाडं उभी होती. त्यातली एक काडी त्यानं उपटूनही आणली होती.

आम्हाला वाटलं मास्तर आता गाडी जुंपायला सांगणार. त्यांनी ती काडी हातात घेऊन वाकवून पाहिली. मग म्हणाले, "चालेल. पण मग सगळ्यांनाच पऱ्हाटीनं शिवायचं. आमच्या नऊ जणांना आणि तुमच्या नऊ जणांनाही."

त्या दिवशी वलगावच्या माळावर अठरा गडी हातात पऱ्हाट्या घेऊन खेळले. असा खेळ मी पुन्हा पाहिला नाही. काड्या सपासप लागत होत्या, मोडत होत्या, पोरं शेतात धावून नवी काडी उपटून आणत होती. माझ्या पाठीवर वळ उठले, पुंजाजीच्या गालावर ओरखडा आला. शेवटी दोन्ही बाजू इतक्या हसायला लागल्या की पंचाला खेळ थांबवावा लागला. लहानूनं दोन लोणं आणली. पुंजाजीनं जाताना काडी फेकून दिली आणि म्हणाला, "पोट्टं भारी हाये." आम्ही जिंकलो, पण गाडीत कुणालाच नीट टेकून बसता येत नव्हतं.

त्या सामन्याची बातमी आमच्याआधी अमरावतीला पोचली. मास्तर ज्या घरी राहत आणि जेवत, तिथल्या यजमानांनी त्यांना जागा मोकळी करायला सांगितलं. मास्तरांनी वाद घातला नाही. ट्रंक आणि छत्री घेऊन ते शाळेच्या मागच्या खोलीत राहायला आले आणि हातानं स्वयंपाक करू लागले. त्यांची खिचडी खालून करपलेली आणि वरून कच्ची असायची. आम्ही विचारलं तर म्हणायचे, "दोन पदार्थ होतात. सोय आहे."

मोर्शीचा सामनाही आम्ही जिंकलो. तिथले खेळणारे आमच्यासारखेच शाळेतले होते आणि त्यांच्या मास्तरांनी पोरांना लहानूवरून कुरकुर करायची नाही असा आधीच दम दिला होता. बार्शीटाकळीनं निरोप पाठवला की आम्ही येत नाही. उरलं अकोलं. अकोल्याचा संघ सगळ्यांत नावाजलेला. त्यांनी आनंदानं बोलावलं आणि लहानूबद्दल एक शब्दही काढला नाही. मास्तर इतके खूश झाले की गाडीत सगळा रस्ताभर बोलत होते. अकोल्याची मंडळी मोठ्या मनाची असल्याचं त्यांनी गाडीवाल्यालाही सांगितलं.

मोर्णेच्या काठच्या मैदानात गावातली बडी मंडळी येऊन बसली होती. पंच म्हणून एक वकील होते. अकोल्याचा पहिल्या पाटीवरचा गडी दत्तू, गोरा, चपळ. त्याचा मामा गावातला मोठा माणूस, तोही पुढेच बसला होता. एक लोण त्यांनी आणलं, एक आम्ही. शेवटच्या डावात आमचे गडी एकामागून एक मेले आणि एकटा लहानू उरला. पहिले काही डाव तो मागेच राहिला होता, त्यामुळे तोवर कुणाच्या पाटीवर आलाच नव्हता.

तो पहिल्या पाटीशी आला, उजवीकडे हूल दिली, डावीकडे झेपावला. दत्तूनं एकदा मामाकडे पाहिलं आणि हात काखेत घालून मागे सरकला.

लहानू थबकला. पुढच्या पाटीवरच्या गड्यानंही हात काखेत घातले. त्याच्या पुढच्यानंही. मैदानात कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. लहानू एकेक पाटी चालत ओलांडत गेला. नवव्या पाटीपलीकडे पोचला, तिथे क्षणभर उभा राहिला, आणि परत फिरला तो पळत. प्रत्येक पाटीवर जणू कुणी अडवतंय अशा हुलकावण्या देत, अंग चोरत, वाकत, उसळ्या मारत तो आला. हात काखेत घातलेल्या त्या नऊ जणांना तो चुकवत होता. हसू केव्हाच थांबलं होतं. पहिली पाटी ओलांडून तो ओरडला, "लोण!"

वकिलांनी मान डोलावली. नियमानं लोण झालं होतं. आम्ही धावत जाऊन लहानूला खांद्यावर घेतलं, विहीर आणि कोरडं धोतर कुणाला आठवतंय. तेवढ्यात मास्तर छत्री घेऊन मैदानाच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"हे लोण आम्हाला मान्य नाही," ते म्हणाले.

वकील चकित झाले. तुमच्याच संघाचं लोण आहे, त्यांनी आठवण करून दिली. मास्तर म्हणाले, अडवायला कुणी नसेल तर ओलांडलं असं कसं म्हणायचं. माझ्या खेळाडूला खेळायला बोलावलं होतं, वाट करून द्यायला नव्हे. अकोलेकरांना काय, त्यांनी हसून मान्य केलं. लोण पुसलं गेलं, आणखी एक डाव झाला. लहानू त्यात उतरला नाही. आमच्या अंगात जीव राहिला नव्हता. आम्ही हरलो.

परतताना सकाळी गाडी मूर्तिजापूरच्या वाटेला लागली, पण लहानू गाडीत बसेना. तो मागून चालत होता. थोड्या वेळानं मास्तर खाली उतरले आणि त्याच्या बाजूनं चालू लागले. मी गाडीच्या शेपटाला बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं.

मग लहानू म्हणाला, "मास्तर, एक इचारू?"

"विचारा."

"तुमी कधी लोण आणलं का?"

मास्तरांच्या पावलांची लय मोडली. "नाही," ते म्हणाले. "मी कधी खेळलोच नाही. वडील लहानपणीच गेले. पडेन, लागेल म्हणून आई मैदानात जाऊ देत नसे. मी कडेला बसून पाहायचो."

"मंग तुमाले कसं समजन?" लहानू आवाज न चढवता म्हणाला. "त्याईनं हात काखेत घातले, तो त्याईचा खेळ. मी तं पळलो ना? लोक हासून राहिले होते तरी पळलो. ते लोण माहं होतं. त्याईनं नाई पुसलं, मास्तर. तुमी पुसलं. मले इचारलं बी नाई."

मास्तर थांबले. गाडी पुढे जात राहिली, म्हणून मी उडी मारून उतरलो. धुळीच्या त्या सडकेवर मास्तरांनी छत्री खाली ठेवली, पगडी नीट केली आणि लहानूसमोर दोन्ही हात जोडले.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "लोण तुमचं होतं."

लहानू गोंधळला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "असं नका करू मास्तर," तो हळूच म्हणाला. "गाडीवाला पाहून राहिला."

मास्तर अकोल्याला परत जाऊन वकिलांना भेटायला निघाले होते. लहानूनंच त्यांना अडवलं. आता जाऊन काय, ते आणखी हसतील, म्हणाला. मग दोघं येऊन गाडीत बसले.

अमरावतीला तक्रारी जमल्याच होत्या, अकोल्याहून त्यांत भर पडली. मास्तर शिकवत राहिले, आम्ही संध्याकाळी नाल्यापलीकडे खेळत राहिलो. पण लहानू आता मन लावून खेळत नसे. हात लागायच्या आधीच बाहेर जाऊन बसायचा.

एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला एक ओळखीचा चेहरा दिसला. अकोल्याचा दत्तू. त्याच्या मामानं त्याला अमरावतीच्या बाजारात एका दलालाकडे चिकटवलं होतं. तो बराच वेळ नुसता पाहत राहिला. मग मास्तरांकडे येऊन म्हणाला, मला खेळायला घ्याल का.

मास्तर म्हणाले, "लहानूंना विचारा."

दत्तूचे कान लाल झाले. तो लहानूसमोर गेला आणि खाली पाहत म्हणाला, "तिथं मामा बसला होता. इथं कोणी नाई."

लहानूनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "उभा राहा कपाळपाटीवर," तो म्हणाला. पहिल्या पाटीला आम्ही तेच म्हणतो.

त्या संध्याकाळी लहानूनं दत्तूला जे नाचवलं ते सांगून खरं वाटणार नाही. दत्तू काही ऐरागैरा नव्हता. त्याचे लांब हात चाबकासारखे सुटायचे. एकदा लहानूच्या सदऱ्याला वारा लागला, एकदा त्याच्या शेंडीचे केस हलले, पण हात काही लागेना. दत्तू घामानं निथळत होता, धापा टाकत होता, शिव्या देत होता आणि पुन्हा पाटीवर उभा राहत होता. लहानू नऊ पाट्या पार करून परत आला. शेवटच्या क्षणी दत्तूनं अंग झोकून दिलं आणि तो मातीत आडवा पडला. त्याची बोटं लहानूच्या टाचेमागे जमिनीवर टेकली होती. लहानू ओरडला नाही. तो वळला, खाली वाकला आणि हात पुढे केला. दत्तूनं तो धरला आणि उठला.

मास्तर आमच्याकडे पाठ करून नाल्याकडे पाहत उभे होते. बऱ्याच वेळानं वळले तेव्हा म्हणाले की आज धूळ फार आहे.

होळीनंतर मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला, वऱ्हाडच्या दुसऱ्या टोकाला, एका लहानशा गावी. त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. कापसाचे दिवसही पुढे ओसरले, अमेरिकेतली लढाई संपली आणि बाजारात गेलेली बरीच पोरं हात हलवत घरी आली. दत्तू त्यांतलाच एक. पण ते नंतरचं.

मास्तर निघाले त्या दिवशी मी त्यांची ट्रंक गाडीत चढवली आणि वेशीपर्यंत सोबत गेलो. संघातलं दुसरं कुणी आलं नव्हतं. मला राग आला होता, मास्तरांना नाही. गाडी नाल्याच्या वळणावर आली तेव्हा सगळे का आले नाहीत ते कळलं. मैदानावर खेळ रंगला होता. खालच्या वर्गातली नवी पोरं पाट्यांवर उभी होती आणि लहानू मधल्या उभ्या पाटीवर सूर होऊन त्यांना ओरडून ओरडून शिकवत होता.

मास्तरांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले नाहीत. गाडी हाकणारा धुरकरी बैलांच्या मानेवर हात ठेवून वाट पाहत राहिला. एक डाव झाला, दुसरा सुरू झाला. तिसऱ्या पाटीवरचं बारकं पोर सारखं वर पाहत होतं, गडी त्याच्या हाताखालून निसटत होते.

मास्तर गाडीत उभे राहिले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि आयुष्यात मी त्यांना पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं.

"अहो तिसरे! त्याच्या तोंडाकडे नको, कमरेकडे बघा, कमरेकडे!"

पोरानं दचकून खाली पाहिलं, हात टाकला, आणि गडी मेला. लहानूनं वळून सडकेकडे पाहिलं, एक हात वर केला आणि पुन्हा खेळाकडे वळला. मास्तर खाली बसले आणि धुरकऱ्याला म्हणाले, "चला."